निनवेतील खानेसुमारी

(वाचावयाचे शास्त्रभाग : योना, अध्याय ४, निर्गम २३:१०-१२, लूक १४:२८-३०)



योना संदेष्ट्याचे पुस्तक एका प्रश्नाने संपते, आणि त्या प्रश्नास योनाने काय उत्तर दिले हे शास्त्रात कोठेच लिहिलेले नाही. निनवे नगराचा नाश टळला म्हणून संदेष्टा रुसून नगराबाहेर जाऊन बसला होता. त्याच्या डोक्यावर सावली करणारे झाड एका किड्याने कुरतडले, पूर्वेकडून झळांचा वारा सुटला, आणि त्या वाळलेल्या झाडापायी योनास जीव नकोसा झाला. तेव्हा देवाने त्यास असे विचारले की, ज्या झाडासाठी तू काडीचे कष्ट केले नाहीस त्याची तुला एवढी हळहळ, मग एवढ्या मोठ्या नगराविषयी मला काही वाटू नये काय? आणि लगेच देवाने त्या नगरातील जिवांची मोजदाद सांगितली. एक लक्ष वीस हजारांहून अधिक अजाण माणसे त्या मोजणीत आली, आणि त्यांच्या पाठोपाठ, त्याच वाक्यात, गुरेढोरेही आली.

योनाविषयी आपण मंडळीत पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. मासा, वादळ, पळून जाणे, पश्चात्ताप, हे सर्व आपणांस तोंडपाठ आहे. गुराढोरांविषयीचे ते शेवटले शब्द मात्र आपण बहुधा वाचून सोडून देतो. पण ते शब्द उगाच आलेले नाहीत. तिसऱ्या अध्यायात निनवेच्या राजाने जो उपासाचा हुकूम काढला तो गुरांमेंढरांसही लागू होता, आणि त्यांच्या पाठीवरही गोणताट घालण्यात आले. माणसे व जनावरे यांनी संकट एकत्र सोसले, ती वाचलीही एकत्र, आणि देवाने त्यांस एकत्रच मोजले. आपल्याकडे माणसांची खानेसुमारी एक खाते करते, गुरांची दुसरे करते, आणि जंगलात काय जगले व काय मेले याचा दप्तर तिसऱ्याच कचेरीत असतो. देवाच्या खानेसुमारीस एकच वाक्य पुरले.

मोशेच्या नियमशास्त्रातही हीच रीत दिसते. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तीन वचनांच्या आत पडीक टाकावयाचे शेत, त्यातले खाणारे गरीब लोक, गरिबांचे उरलेसुरले खाणारी रानटी जनावरे, विसावा घेणारा बैल व गाढव, आणि दम घेणारा दासीपुत्र व परदेशी, इतके सर्वजण येऊन जातात. जमीन, जनावर व मनुष्य यांची काळजी तेथे निरनिराळ्या तीन प्रकरणांत विभागलेली नाही.

हा विषय आम्ही आजच का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, अलीकडे वैद्य व शास्त्रज्ञ यांच्यामध्ये ‘एक आरोग्य’ हा शब्द फार ऐकू येऊ लागला आहे. माणसाचे, जनावराचे आणि सभोवारच्या रान-पाणी-हवेचे आरोग्य हे एकमेकांत गुंतलेले आहे, तेव्हा त्यांची काळजीही एकत्र घेतली पाहिजे, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम या चौघांनी मिळून २०२२ साली ह्या कामाची एक योजना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी आपल्या नागपुरात ‘राष्ट्रीय एक आरोग्य संस्थे’ची कोनशिला बसविण्यात आली. हे सर्व ऐकून आम्हांस संतोष वाटतो. ज्यांनी योनाचा चौथा अध्याय वाचला आहे त्यांस हा विचार परका वाटू नये.

तथापि नाव चांगले असले म्हणजे काम चांगले झाले असे होत नाही. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अडले म्हणजे लोक हसतात, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे. एकत्र काम करावयाचे म्हणजे बैठका आल्या, दोन-तीन खात्यांचा पत्रव्यवहार आला, माणसे शिकवून तयार करणे आले. ह्या सर्वांस पैसा व वेळ लागतो. तेवढ्याच पैशात प्रत्येकाने आपापले काम वेगळे केले असते तर अधिक जीव वाचले असते काय? हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. हा प्रश्न न विचारता जो ‘एक आरोग्य’ असा घोष करतो, त्याचे काम पायापाशीच थांबण्याचा संभव अधिक, असे आमचे मत आहे. म्हणून हे काम मोजावे कसे, आणि जेथे ते मोजले गेले तेथे काय आढळले, हे आज आपण पाहू.

आधी हिशेब निरनिराळ्या वह्यांत ठेवला म्हणजे काय अनर्थ होतो हे पाहावे. १९९० नंतरच्या दशकात डायक्लोफिनॅक नावाचे दुखण्यावरचे औषध आपल्या देशात स्वस्त झाले व गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. लंगडणाऱ्या बैलास एक सुई टोचली की तो दुसऱ्या दिवशी उभा राही. शेतकऱ्याच्या वहीत हा शुद्ध नफा होता. पण औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत ते जनावर मेले, आणि हाडकीवर टाकलेले त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर त्या पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत शंभरांतून नव्याण्णवांहूनही अधिक नाहीशी झाली. पुष्कळ वर्षे कारण कोणासच उमगले नाही. २००४ साली पाकिस्तानात केलेल्या शोधावरून ते प्रथम जगापुढे आले, आणि २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी ह्या औषधाची बंदी केली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांस बाधत नाही असे आढळले आहे.

गिधाडे गेली तेव्हा मेलेली ढोरे हाडकीवरच कुजू लागली. त्यांतले काही पाण्यात गेले, काही कुत्र्यांनी खाल्ले, आणि कुत्री वाढली. ह्याची किंमत कोणी भरली? एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी, ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे पुष्कळ होती ते जिल्हे आणि ज्यांत ती मुळातच थोडी होती ते जिल्हे, यांतील माणसांच्या मरणाचे आकडे समोरासमोर मांडून पाहिले. २००० ते २००५ ह्या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लक्ष अधिक माणसे मेली असावीत, असा अंदाज त्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात केला आहे. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. आणि अंदाजास अंदाजाइतकाच मान द्यावा. पण ज्यांस अक्षरशत्रू म्हणून कोणी हिणवील असे आपले म्हातारे लोक, गिधाडे गेली आणि गावात कुत्री माजली, असे कित्येक वर्षे म्हणत होते, हेही आम्ही येथे नमूद करतो. गुरांच्या दवाखान्याच्या वहीत बैल बरा झाला. जंगलखात्याच्या वहीत पक्षी कमी झाले. आरोग्यखात्याच्या वहीत माणसे मेली. तिन्ही वह्या आपापल्या परीने खऱ्याच होत्या. त्यांची बेरीज मात्र कोणी केली नाही.

आता ज्या ठिकाणी बेरीज करण्यात आली तेथे चलू. ते ठिकाण दूरचे नाही. सावंतवाडी-दोडामार्गाकडील आमच्या वाचकांस ते हाकेच्या अंतरावर आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून होणारा रेबीज रोग, ज्यास जुने लोक जलसंत्रास म्हणत, तो एकदा अंगात उघड झाला म्हणजे त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य होय. आपल्या देशात त्याने दरवर्षी किती माणसे मरतात? पुष्कळ वर्षे अठरा ते वीस हजार असा आकडा सांगितला जात असे. नंतर २०२२ व २०२३ साली १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत घरोघर जाऊन पाहणी करण्यात आली, तीवरून वर्षास सुमारे ५,७०० मृत्यू होत असावेत असा नवा अंदाज निघाला. त्याच पाहणीवरून असेही दिसले की, वर्षास सुमारे ९१ लक्ष लोकांस कोणते ना कोणते जनावर चावते, त्यांत चारांतले तीन दंश कुत्र्याचे असतात, आणि कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे पाचांतला एक मनुष्य लस मुळीच घेत नाही. दोन अंदाजांत केवढे अंतर! ज्या रोगाचे मेलेले देखील आपणांस नीट मोजता येत नाहीत, त्याच्या निवारणाचे यश आपण कशावरून ओळखणार? गोव्यातील कामाचे महत्त्व येथेच आहे. तेथे पहिल्यापासून मोजणीची सोय करूनच काम करण्यात आले.

‘मिशन रेबीज’ ही संस्था व गोवा सरकार यांनी मिळून तेथे जे काम चालविले, त्यातील २०१३ ते २०१९ पर्यंतचा वृत्तांत पुढे २०२२ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यांची रीत अशी होती. माणसास चावल्यावर सुई टोचावयाची हे तर चालूच राहिले. पण त्याबरोबर रोग जेथून येतो त्या कुत्र्यांसच लस टोचावयाची. गावचा नकाशा टेलिफोनच्या पडद्यावर ठेवून प्रत्येक टोळीस तिची हद्द आखून देण्यात येई. पाळीव कुत्रे असेल तर त्यास धनी धरून ठेवी. भटके असेल तर जाळ्याने धरीत. लस दिली की अंगावर रंगाची खूण करून सोडून देत. आणि मग, हे आम्हांस विशेष वाटते, टोळी पुढे गेल्यावर दुसरी माणसे त्याच गल्ल्यांतून हिंडून किती कुत्र्यांवर रंग आहे व किती कोरी आहेत हे मोजीत. शंभरांत सत्तर कुत्र्यांवर रंग आढळला तर काम पुरे झाले असे समजत. कमी आढळल्यास पुन्हा जात. कुत्र्यांत सत्तर टक्के लस झाली म्हणजे रोगास एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाण्यास वाट सापडत नाही, असे ह्या विषयाचे जाणते सांगतात. मात्र कुत्री मरतात व नवी पिले जन्मतात, म्हणून हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते.

वर्षास ९५,००० हून अधिक कुत्र्यांस ह्याप्रमाणे लस देण्यात आली. शाळांतून वर्षास सुमारे दीड लक्ष मुलांस कुत्र्यापासून सावध कसे राहावे व चावल्यास काय करावे हे शिकविण्यात आले. पिसाळल्याचा संशय असलेले कुत्रे कोठे दिसल्यास कळविण्याची सोय होती, आणि मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासून रोग होता की नव्हता हे ठरविले जाई. परिणाम असा झाला की, महिन्यास जितकी पिसाळलेली कुत्री आढळत त्यांत ९२ टक्के घट झाली, आणि २०१८ व २०१९ ह्या दोन वर्षांत रेबीजने मनुष्य मेल्याची नोंद गोव्यात झाली नाही. २०२१ साली गोवा हे रेबीजवर नियंत्रण मिळविलेले राज्य म्हणून जाहीर करण्यात आले.

आता लूकच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे खर्च पाहू. आजाराने वा अकाली मरणाने निरोगी आयुष्याची जी वर्षे वाया जातात ती मोजण्याची एक रीत आरोग्यशास्त्रात आहे. त्या रीतीने गोव्यात ह्या कामाने २,२४९ वर्षे वाचविली, आणि दर वर्षामागे ५२६ अमेरिकी डॉलर खर्च पडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने हा खर्च फार फायदेशीर ठरतो. माणसाच्या आयुष्याची किंमत डॉलरांत कशी करावी, म्हणून आमच्या काही वाचकांस हे वाचून कसेसेच वाटेल. पण येथे आयुष्याची किंमत कोणी केलेली नाही. पैसा थोडा आहे व दुखणी पुष्कळ आहेत, तेव्हा हाती असलेल्या पैशाने अधिकांत अधिक जीव कोठे वाचतील, एवढेच ते पाहतात. विधवेच्या दोन टोल्यांची जी मंडळी कदर करते, तिने ते टोले कोठे खर्च झाले हेही विचारावयास नको काय?

ह्या हिशेबात एक अडचण आहे, ती लपविणे बरे नव्हे. कुत्र्यास लस देण्याचा खर्च गुरांच्या खात्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या माथी येतो. वाचतो तो आरोग्यखात्याचा पैसा व गरिबाच्या घरातले लेकरू. म्हणून आपली आपली वही पाहणारा अधिकारी सहज म्हणेल की, माझ्या वहीत तर हे नुकसानीचे काम आहे. तो लबाड आहे असे नाही. त्याच्या हातात वहीच अर्धी दिलेली आहे. शिवाय पहिल्या वर्षी माणसांच्या लशीचा खर्च कमी होत नाही, उलट लोक सावध होऊन अधिक संख्येने दवाखान्यात येतात, तेव्हा खर्च वाढलेलाच दिसतो. जो एका वर्षाने हिशेब मिटवील त्यास हे काम फसले असेच वाटेल. मेक्सिको देशात कुत्र्यांस सार्वत्रिक लस देण्याचे काम १९९० पासून दरवर्षी चालले, आणि तो देश कुत्र्यापासून माणसास होणाऱ्या रेबीजने मरण येण्यापासून मुक्त झाल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिला. मध्ये एकोणतीस वर्षे गेली.

कित्येक म्हणतील, एवढा खटाटोप कशास, कुत्री मारून टाकली म्हणजे झाले. ज्याच्या मुलास चावले आहे त्याच्या तोंडी हे शब्द आले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु हा उपाय नवा नाही. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम चालविला तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला, ही गोष्ट इतिहासात प्रसिद्ध आहे. आणि त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे आपल्या शहरांत कुत्री मारली जात होती. रेबीज गेला नाही. एका गल्लीतली कुत्री मारली की शेजारच्या गल्लीतली तेथे येतात, त्यांच्या अंगी लस नसते, आणि विषाचा गोळा लस दिलेले कुत्रे व न दिलेले कुत्रे असा भेद जाणत नाही. अर्थात रंगाची खूण असलेले कुत्रे मारणारा मनुष्य आपल्याच गावाभोवतीचे कुंपण काढून टाकतो.

सर्वच ठिकाणी हिशेब असा समाधानकारक निघतो असे मात्र आपण समजू नये. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात १९५७ साली एक नवा ताप आढळला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. त्याने वानरे व माकडे मरतात, म्हणून आपल्याकडे त्यास माकडताप म्हणतात. गुरे रानात चरावयास जातात त्यांच्या अंगावर गोचिडी पोसतात व वाढतात, गुरांस मात्र ताप येत नाही. हा रोग २०१५ साली गोव्याच्या सत्तरी भागात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात येऊन पोहोचला, आणि काजूच्या बागांत व रानात राबणाऱ्या लोकांस त्याने गाठले. ह्या तापावर जी लस पुष्कळ वर्षे देण्यात येत होती, तिचा उपयोग झाला किती हे मोजून पाहता ती पुरेशी पडत नाही असे दिसले, आणि २०२२ साली ती देणे थांबविण्यात आले. मोजणी केली नसती तर लोक ती सुई टोचून घेऊन निर्धास्तपणे रानात जात राहिले असते.

माकडतापाच्या बाबतीत सर्व भिस्त वेळेवर बातमी पोहोचण्यावर आहे. रानात माकड मेलेले प्रथम दिसते ते गुराख्यास किंवा लाकूडफाटा आणणाऱ्या बाईस. तेथून ती बातमी वनरक्षकास, वनरक्षकाकडून गुरांच्या डॉक्टरांस, तेथून आरोग्य केंद्रास, व आरोग्य केंद्रातून पुन्हा त्या बाईच्या वाडीवर जावयाची असते. ही फेरी दोन दिवसांत पुरी झाली तर एकत्र काम चालू आहे असे समजावे. वीस दिवस लागले तर कचेरीच्या पाटीवर काही का लिहिलेले असेना, तिन्ही खाती निरनिराळीच आहेत. हे दिवस मोजण्यास विद्वान लागत नाही. ज्याच्या घरी दिनदर्शिका आहे त्यास ते मोजता येतील. आणि मेलेल्या माकडास हात लावू नये, हे वाडीवरील प्रत्येक मुलास सांगून ठेवावे.

उपदेशक बंधूंनो, आता आपल्याशी चार शब्द. आपण ज्या खेड्यांत राहता तेथे कुत्रे चावले की जखमेवर मिरचीपूड, चुना किंवा तेल लावणे आणि भगताकडे नेणे ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. आपल्या ख्रिस्ती घरांतही ती आहे. आणि जेथे भगताकडे जाणे सुटले आहे तेथे कधी कधी दुसरी चूक होते. आम्ही प्रार्थना केली आहे, आता सुईची गरज नाही, असे काही भाविक म्हणतात. त्यांस दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचून दाखवावा. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशयाने अंजिरांचा लेप त्याच्या गळवावर लावविला. जेथे संदेष्ट्यास लेपाची लाज वाटली नाही तेथे आपणांस सुईची का वाटावी?

चावल्याबरोबर काय करावे ते येथे स्पष्ट लिहितो, म्हणजे उपासनेनंतर वाचून दाखविता येईल. वाहते पाणी व साबण घेऊन जखम पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ नसल्यास कोणीतरी सावकाश नऊशे आकडे मोजावेत. मिरची, चुना, माती काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लस एका दिवसात पुरी होत नाही. डॉक्टर ज्या ज्या तारखा लिहून देतील त्या सर्व तारखांस गेले पाहिजे, आणि पुष्कळ लोक येथेच चुकतात, कारण जखम भरून आलेली असते व मजुरी बुडते. रक्त आले असेल तर जखमेत भरावयाचे आणखी एक औषध असते, त्याविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे. पिलू लहान आहे, घरचेच आहे, नुसता दात लागला आहे, म्हणून कोणी घरी बसू नये. ओल्या जखमेस कुत्र्याने चाटले तरीही दाखवावे. दारी पडलेल्या लाजराचे फोड कुत्री चाटीत, ही गोष्ट प्रभूने त्याच्या दैन्याची खूण म्हणून सांगितली, औषध म्हणून नव्हे. चावलेले कुत्रे ओळखीचे असल्यास त्यास न मारता दहा दिवस नजरेखाली ठेवावे. मात्र ते दहा दिवस होईपर्यंत लस घेण्याचे थांबू नये.

आता हिशेबाविषयी. प्रत्येक मंडळीत बाप्तिस्मा, विवाह व प्रेतसंस्कार यांच्या नोंदवह्या आहेत, आणि त्या कित्येक ठिकाणी फार चोख ठेवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांबरोबर आणखी एक लहान वही ठेवावी, अशी आमची विनंती आहे. तीत कोणास, कोणत्या तारखेस, कोणते जनावर चावले. जखम धुतली की नाही. दवाखान्यात किती दिवसांनी गेले. किती सुया पुऱ्या झाल्या. आणि त्या जनावराचे पुढे काय झाले, एवढे लिहावे. मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांचीही नोंद करावी, कारण कुत्रे कोणाच्या धर्माची विचारपूस करून चावत नाही. वाडीतील पाळीव कुत्री किती व त्यांतील किती लस दिलेली, हे वर्षातून एकदा मोजावे. हे काम शब्बाथशाळेची मोठी मुले मोठ्यांस बरोबर घेऊन, कुत्र्यांस हात न लावता, धन्याला विचारून सहज करतील. रानाजवळच्या गावांनी मेलेली माकडे कोठे व कधी दिसली, कोणास कळविले, आणि उत्तर कधी आले, हे त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहावे. लस देण्यासाठी गुरांच्या डॉक्टरांस गावात बोलवावयाचे असल्यास २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस सोयीचा आहे. त्या सुमारास पुष्कळ ठिकाणी फुकट लस मिळते. आधी महिनाभर अर्ज करावा.

वर्षअखेरीस त्या वहीच्या दोन नकला कराव्यात. एक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस द्यावी व दुसरी गुरांच्या दवाखान्यात. दोहोंमध्ये एकच मजकूर असावा. आणि प्रत्येक नकलेच्या माथ्यावर, दुसरी नक्कल कोणास व कोणत्या तारखेस दिली, हे ठळक अक्षरांनी लिहावे.